क्षीण सिग्नल आणि गजबजलेली खोली: हौशी रेडिओसाठी हेडफोनची निवड

हौशी रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन केवळ आवड, अभ्यास आणि सेवा यांसाठी चालवले जाणारे बिनतारी संदेशवहन, हे बोलण्याइतकेच, किंबहुना बोलण्याहून अधिक, ऐकण्याचे काम आहे. जगभर ‘हॅम’ या नावाने ओळखले जाणारे हे चालक भारतात दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची परीक्षा देऊन परवाना मिळवतात आणि ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या संकेतनामाने, म्हणजे कॉलसाइनने, ओळखले जातात. ७ किंवा १४ मेगाहर्ट्झच्या लघुलहरी पट्ट्यांवर त्यांच्यापर्यंत पोहोचणारा सिग्नल पुष्कळदा हजारो किलोमीटर दूरच्या एखाद्या साध्या तारेच्या अँटेनातून निघालेला, वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावरून परतलेला आणि वाटेत पार थकलेला असतो. अँटेना, रेडिओ संच आणि पॉवर सप्लाय यांची निवड महिनोन्‌महिने विचार करून करणारा चालक या साखळीतील शेवटच्या दुव्याकडे, म्हणजे कानावर चढवायच्या हेडफोनकडे, मात्र फारसे लक्ष देत नाही आणि मोबाइलबरोबर आलेल्या किंवा संगीतासाठी घेतलेल्या हेडफोनवर भागवतो. ही उपेक्षा महागात पडते, कारण अँटेनाने मिळवलेले सारे खोलीतल्या पंख्याच्या घरघरीत वाया जाऊ शकते.

ध्वनिरोधक हेडफोनचा विचार करताना दोन प्रकारचे गोंगाट आधीच वेगळे ओळखावे लागतात, कारण या बाबतीतील बहुतेक गैरसमज त्यांच्या सरमिसळीतून जन्मतात. पहिला गोंगाट रेडिओच्या आतून, अँटेनामार्गे येतो. त्यात दूरवरच्या विजांची खरखर असते, जिला हॅम मंडळी ‘क्यूआरएन’ म्हणतात. शेजारच्या वारंवारतेवरील केंद्रांचा आणि हल्लीच्या काळात एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर यांनी पसरवलेला उपद्रव असतो, ज्याला ते ‘क्यूआरएम’ म्हणतात. दुसरा गोंगाट खोलीतील हवेतून थेट कानाकडे येतो: छताचा पंखा, रस्त्यावरची वाहने, स्वयंपाकघरातील मिक्सर, शेजारच्या घरचा दूरदर्शन संच, आणि रेडिओ संचाचा स्वतःचा थंड करणारा पंखासुद्धा. हेडफोन कितीही उत्तम असला तरी पहिल्या गोंगाटाचा एक कणही तो कमी करू शकत नाही, कारण तो गोंगाट सिग्नलच्याच तारेतून, सिग्नलच्या हातात हात घालून आलेला असतो. त्याच्यावर उपाय फिल्टर, अँटेनाची जागा आणि घरातील उपकरणांची तपासणी हेच. ध्वनिरोधक हेडफोनचे क्षेत्र फक्त दुसरा गोंगाट हे आहे आणि एवढ्या मर्यादित क्षेत्रातही त्याचा लाभ मोठा आहे.

तो लाभ समजण्यासाठी हॅम नेमके काय ऐकतो हे पाहणे आवश्यक आहे. लघुलहरींवरील संभाषण बहुधा ‘सिंगल साइडबँड’ पद्धतीने होते. या पद्धतीत कमी जागेत अधिक केंद्रे मावावीत म्हणून आवाजाचा साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ एवढाच भाग पाठवला जातो; हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या. मोर्स संकेतांत तर ऐकायचा असतो तो साधारण ६०० किंवा ७०० हर्ट्झचा एकच सूर, आणि त्याच्याभोवती ५०० किंवा २५० हर्ट्झ रुंदीचा फिल्टर लावलेला असतो. संगीतासाठीच्या हेडफोनच्या खोक्यावर मोठ्या अभिमानाने छापलेले २० ते २०,००० हर्ट्झचे आकडे या कामी जवळजवळ निरर्थक ठरतात, आणि खालच्या पट्टीला मुद्दाम दिलेला भरदारपणा तर येथे अडथळाच होतो. बोलण्याचा अर्थ मुख्यतः व्यंजनांवर उभा असतो, ‘प’, ‘त’, ‘क’ यांतील किंवा ‘स’ आणि ‘फ’ यांतील फरक साधारण १,००० हर्ट्झच्या वरच्या, अत्यंत दुबळ्या ध्वनींत दडलेला असतो. ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ ही अक्षरे रेडिओवर एकमेकांत मिसळतात म्हणूनच कॉलसाइन ‘ब्राव्हो’, ‘डेल्टा’, ‘पापा’, ‘टँगो’ अशा शब्दांनी सांगण्याची पद्धत रूढ झाली आहे.

येथे कानाचा एक स्वभाव आडवा येतो. एक ध्वनी दुसऱ्या ध्वनीला ऐकू येऊ देत नाही, या घटनेला ध्वनिशास्त्रात आच्छादन म्हणतात आणि हे आच्छादन दोन्ही दिशांना सारखे नसते: खालच्या पट्टीचा जोरदार आवाज वरच्या पट्टीतील क्षीण ध्वनी सहज झाकतो, उलट तितक्या सहजतेने घडत नाही. वाहनांची घरघर, वातानुकूलन यंत्राचा गुणगुणाट, जनित्राची धडधड हे सारे खालच्या पट्टीचेच आवाज असल्याने ते नेमक्या त्या नाजूक व्यंजनांवर पांघरूण घालतात आणि मग चालकाचा हात अभावितपणे रेडिओच्या आवाजाच्या खुंटीकडे जातो.

ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे माप पटींचे आहे, म्हणजे १० डेसिबलची वाढ ही शक्तीतील दहापट वाढ असते, जरी कानाला ती साधारण दुपटीएवढीच भासते. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, आणि रहदारीच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांना ती कितपत पाळली जाते हे निराळे सांगण्याची गरज नाही. समजा, खोलीत ५५ डेसिबलचा गोंगाट आहे आणि बोलणे नीट कळण्यासाठी ते त्याहून १५ डेसिबलने वर असावे लागते. तर कान उघडे ठेवणाऱ्या हेडफोनमध्ये आवाज ७० डेसिबलपर्यंत न्यावा लागेल, पण २० डेसिबल रोध करणाऱ्या हेडफोनमध्ये तोच संवाद ५० डेसिबलवर, हळू आवाजातील बोलण्याच्या पातळीवर, तितकाच स्पष्ट कळेल. त्यात अचानक एखादे जवळचे, प्रबळ केंद्र पट्ट्यावर अवतरले तर पहिल्या चालकाच्या कानठळ्या बसतील, दुसरा फक्त दचकेल.

मात्र ध्वनिरोध जितका जास्त तितके ऐकणे चांगले, असे गणित येथे अखेरपर्यंत चालत नाही, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. लघुलहरींवर अँटेना जोडलेली असताना रेडिओमधून एक अखंड फुसफुस येतच असते आणि क्षीण सिग्नल तिच्यातूनच उचलायचा असतो. खोलीतील गोंगाट या फुसफुशीच्या पुरेसा खाली गेला की त्यापुढील प्रत्येक डेसिबलचा श्रवणाला काहीच उपयोग नसतो, फक्त डोक्यावरचा भार आणि खिशावरचा ताण वाढतो. ही सीमा कोणालाही घरच्या घरी तपासता येते. नेहमीचा हेडफोन लावून, अँटेना जोडून, एखादी मोकळी वारंवारता निवडून आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवावा आणि दुसऱ्या व्यक्तीला पंखा आलटूनपालटून चालू-बंद करण्यास सांगावे. डोळे मिटून ऐकताना फरक कळत असेल तर अधिक चांगल्या ध्वनिरोधाची गरज आहे, कळत नसेल तर नवा हेडफोन घेण्याऐवजी ते पैसे अँटेनाच्या केबलवर खर्च करणे शहाणपणाचे आहे.

गरज आहे असे ठरल्यावर खोक्यावरील आकड्यांचा प्रश्न येतो. कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या कर्णरक्षकांवर अमेरिकेत ‘एनआरआर’ आणि युरोपात ‘एसएनआर’ नावाचा, डेसिबलमधील एकच अंक छापलेला असतो आणि तो प्रयोगशाळेत, काळजीपूर्वक बसवलेल्या कर्णरक्षकावर मोजलेला असतो. प्रत्यक्ष वापरात तेवढा लाभ मिळत नाही, म्हणून अमेरिकेतील ‘निऑश’ ही व्यावसायिक आरोग्याची संशोधन संस्था कानावर बसणाऱ्या कपांच्या अंकातून एक चतुर्थांश आणि कानात दाबून बसवायच्या फोमच्या बोळ्यांच्या अंकातून निम्मा भाग वजा करण्यास सांगते. संगीताच्या हेडफोनवरील आकडा याहून फसवा असतो, कारण तेथे ‘कमाल इतके डेसिबल’ असे लिहिलेले असते आणि ही कमाल बहुधा एखाद्या उंच वारंवारतेवरची असते. उदाहरणार्थ, सेनहायझरच्या ‘एचडी २८० प्रो’ या हॅम मंडळींत बराच वापरल्या जाणाऱ्या हेडफोनचा दावा कमाल ३२ डेसिबलचा आहे, तर बायरडायनॅमिकच्या ‘डीटी ७७० प्रो’साठी सुमारे १८ डेसिबल हा एकूण सरासरीवजा आकडा दिला जातो, हे दोन अंक शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे कमाल तापमानाची तुलना सरासरी तापमानाशी करण्यासारखे आहे.

कोणताही बंद कप उंच वारंवारता सहज अडवतो, खालच्या वारंवारता मात्र त्याला दाद देत नाहीत. चांगल्या कर्णरक्षकाचा रोधही २,००० हर्ट्झच्या पुढे ३० डेसिबलपलीकडे जात असला तरी १२५ हर्ट्झपाशी तो १०–१५ डेसिबलच्या आसपास उरतो. खालच्या पट्टीतील रोध मुख्यतः एका गोष्टीवर अवलंबून असतो, ती म्हणजे कपाची गादी कानाभोवतीच्या त्वचेवर सर्व बाजूंनी किती घट्ट टेकली आहे. काडीएवढी फट राहिली तरी खालची पट्टी तिच्यातून आत शिरते. म्हणून ध्वनिरोधक हेडफोन निवडताना आतल्या ध्वनिनिर्मात्या चकतीपेक्षा गादीचा विचार आधी केला पाहिजे, असे ठामपणे म्हणता येते. संपूर्ण कान आत मावेल असा मोठा, बंद पाठीचा कप हवा. कानाच्या पाळीवर टेकणारे छोटे हेडफोन आणि जाळीदार, उघड्या पाठीचे हेडफोन या कामासाठी बाद समजावेत. कातडीसदृश गुळगुळीत आवरणाची गादी मखमली गादीपेक्षा अधिक रोध करते, पण कोकणातील किंवा मुंबईतील दमट हवेत तासाभरात तिच्याखाली घाम साचतो आणि वर्ष-दोन वर्षांत तिचे पापुद्रे निघू लागतात. या दोहोंत ज्याने त्याने आपल्या हवेनुसार निवड करावी. मात्र सुट्या गाद्या बाजारात मिळतात की नाही हे खरेदीपूर्वीच पाहावे, कारण झिजलेल्या गादीचा हेडफोन ध्वनिरोधक राहत नाही.

चष्मा ही या संदर्भातील सर्वाधिक दुर्लक्षित बाब आहे. चष्म्याची जाड काडी गादीखाली जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना फट तयार होऊन रोध कित्येक डेसिबलने घसरतो. हौशी रेडिओच्या छंदात चष्मेवाल्या वडीलधाऱ्यांची संख्या मोठी असल्याने त्यांनी हेडफोन दुकानात चष्म्यासकट घालून पाहणे, मऊ व खोल गादी निवडणे आणि शक्य तर पातळ काड्यांची फ्रेम वापरणे अगत्याचे आहे. हेडफोनच्या डोक्यावरील पट्ट्याचा दाब वाढवून फट बुजवता येते हे खरे, पण हॅम मंडळींच्या रात्रभर चालणाऱ्या संपर्क-स्पर्धेत तोच दाब कानशिलांना असह्य होतो. जो हेडफोन दोन तासांनी काढून ठेवावासा वाटतो त्याचा रोध कागदावर कितीही असो, तो निवडू नये.

कानाच्या नळीत बसणारे इअरफोन हा दुसरा मार्ग आहे. योग्य मापाची टोपी नीट बसली तर त्यांचा रोध मोठ्या कपांच्या तोडीस तोड, कधी त्याहून सरस असतो. चष्म्याचा प्रश्न उरत नाही आणि उकाडाही होत नाही. पण कान बंद झाल्यावर स्वतःचा आवाज हाडांमार्फत डोक्यात घुमू लागतो, त्यामुळे प्रक्षेपण करताना बोलणे अवघड वाटते, वायर कपड्याला घासली तरी तो आवाज कानात येतो, आणि दमट हवेत कान दीर्घकाळ बंद ठेवल्यास बुरशीच्या संसर्गाला आमंत्रण मिळते. मोर्स ऐकणाऱ्यांना ते सोयीचे पडतात, बोलणाऱ्यांना तितकेसे नाहीत. इअरफोनवर किंवा फोमच्या बोळ्यांवर पुन्हा कर्णरक्षक चढवण्याचा प्रयोगही काही जण करतात, पण दोहोंच्या रोधांची बेरीज होत नाही; अधिक असलेल्या रोधात साधारण ५ डेसिबलचीच भर पडते.

आता सर्वाधिक जाहिरात होणाऱ्या प्रकाराकडे, म्हणजे सक्रिय ध्वनिनाशाकडे, वळता येईल. कपातील सूक्ष्म मायक्रोफोनने बाहेरचा आवाज टिपायचा, त्याची उलटी लहर तयार करायची आणि दोन्ही एकमेकींना मारून टाकतील अशा बेताने ती कानात सोडायची, हे त्याचे तत्त्व. जर्मन शास्त्रज्ञ पॉल ल्यूग यांना या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळाले, पण ती हेडफोनमध्ये उतरवण्याचा ध्यास १९७८ मधील एका विमानप्रवासात अमेरिकी अभियंते अमर बोस यांनी घेतला आणि त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. ही युक्ती साधारण १,००० हर्ट्झच्या खालीच प्रभावी ठरते, कारण त्याच्या वर लहरींची लांबी इतकी कमी होते की उलटी लहर अचूक जुळवणे कठीण जाते. बंद कपाची दुर्बलता नेमकी खालच्या पट्टीत असल्याने हे दोन उपाय एकमेकांना पूरक आहेत आणि जनित्र किंवा वातानुकूलन यंत्राच्या शेजारी बसणाऱ्याला त्यांच्या जोडीचा खरा लाभ होतो. आपत्तीकाळातही अशी वेळ येते: डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअर येथे भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हॅम पथकाने, जे मुळात अंदमानमधून हौशी संपर्क साधण्यासाठी तेथे गेले होते, मुख्य भूमीशी निरोपांची देवाणघेवाण चालू ठेवली होती. अशा आपत्तीत केंद्र उभारावे लागते ते बहुधा जनित्राच्या आणि माणसांच्या गलबल्यात, आणि तेथे नाव किंवा आकडा चुकीचा ऐकणे परवडणारे नसते.

तरीही घरातील शॅकसाठी, म्हणजे हॅमच्या रेडिओच्या खोलीसाठी, सक्रिय हेडफोन ही पहिली निवड असू नये. त्यातील इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची एक बारीक सळसळ असते, बॅटरी संपल्यावर काही हेडफोन अगदीच सामान्य होऊन बसतात, आणि जवळच शंभर वॅटचा प्रक्षेपक चालू असताना त्याच्या रेडिओलहरी हेडफोनच्या मंडलात घुसून खरखर करू शकतात. वायरवर फेराइटचे कडे बसवल्याने हा त्रास पुष्कळदा आटोक्यात येतो. ब्लूटूथचा प्रश्न तर याहून बिकट आहे. त्याच्या नेहमीच्या पद्धतींत आवाज कानापर्यंत पोहोचायला शंभर ते दोनशे मिलिसेकंद, कधी अधिकही, उशीर होतो. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने मोर्स पाठवताना एका ‘डिट’ची, म्हणजे लघुतम खुणेची, लांबी ६० मिलिसेकंद असते, म्हणजे हाताने पाठवलेली खूण कानात येईपर्यंत हात दोन-तीन डिट पुढे गेलेला असतो आणि अशा स्थितीत मोर्स पाठवणे अशक्यप्राय होते. मोर्स वापरणाऱ्याने वायरचाच हेडफोन घ्यावा, यात तडजोड नाही.

वायर आली की जोडणीचा आणि इम्पिडन्सचा विचार करावा लागतो. इम्पिडन्स म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध, आणि तो ओहममध्ये मोजतात. तो किती असावा हे काळानुसार कसे बदलले, हे हेडफोनच्या इतिहासातून दिसते. रेडिओचा आद्य प्रवर्तक मार्कोनी याने १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सिग्नल हिल येथे, वादळी वाऱ्यात पतंगाने उचलून धरलेल्या अँटेनावर अटलांटिकपलीकडून आलेले मोर्समधील ‘एस’ अक्षराचे तीन ठिपके ऐकल्याचा दावा केला तो टेलिफोनचा श्रवणभाग कानाला लावूनच. तो दावा आजही वादग्रस्त आहे, आणि क्षीण सिग्नल कानाने ऐकण्याच्या प्रश्नाची ती सुरुवात म्हणता येईल. पुढे १९१० मध्ये अमेरिकेतील यूटा येथे नेथॅनिएल बाल्डविन यांनी आपल्या स्वयंपाकघरात तयार केलेले हेडफोन अमेरिकी नौदलाने विकत घेतले. त्या काळच्या क्रिस्टल संचांत ध्वनिवर्धन नव्हते, म्हणून बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांचे, दोन हजार ओहमचे हेडफोन लागत. आजच्या हेडफोनचा इम्पिडन्स बहुधा ३२ ते ८० ओहम असतो, काहींचा २५० किंवा ३००, आणि बहुतेक रेडिओ संच ते सहज चालवतात, कारण केवळ एक मिलिवॉट शक्तीवर अनेक हेडफोन सुमारे १०० डेसिबल आवाज देतात. खरी अडचण उलट बाजूने येते: खोली शांत झाल्यावर रेडिओच्या ध्वनिवर्धकाची, अँटेना काढली तरी न थांबणारी, सळसळ उघडी पडते. थोडा अधिक इम्पिडन्स असलेला हेडफोन किंवा तारेत जोडलेला साधा रोधक (रेझिस्टर) ही सळसळ दाबून टाकतो. जुन्या रेडिओ संचांची ६.३५ मिलिमीटरची खाच पुष्कळदा मोनो असते आणि तिच्यात स्टिरिओ पिन घातल्यास एकाच कानात आवाज येतो. स्वस्तातला जोडभाग लावून दोन्ही कान जागे करावेत, कारण अगदी क्षीण ध्वनी दोन्ही कानांनी ऐकल्यास एका कानापेक्षा सुमारे ३ डेसिबलचा लाभ होतो.

या साऱ्या खटाटोपामागे कानाचे रक्षण हे कारण सिग्नल ऐकण्याइतकेच महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या सुरक्षित श्रवणाच्या मानकानुसार प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ऐकणे चालते, आणि दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो: ८६ डेसिबलवर तो १० तासच उरतो. एखाद्या शनिवार-रविवारच्या स्पर्धेत एवढे तास सहज निघून जातात. शिवाय वयोमानाने आणि मोठ्या आवाजाने कानाची जी हानी होते ती उंच पट्टीपासून, म्हणजे व्यंजनांच्याच प्रदेशाकडून, सुरू होते आणि ती भरून येत नाही.

ध्वनिरोधाची एक जोखीम मात्र महाराष्ट्रातील हॅमने विशेष लक्षात ठेवली पाहिजे. दाराची घंटा किंवा घरातल्यांची हाक ऐकू न येणे ही गैरसोय आहे, पण मेअखेरीस वळवाचे ढग दाटून आल्यावर बाहेरचा गडगडाट ऐकू न येणे हा धोका आहे, कारण उंच अँटेना, रेडिओ आणि डोक्यावरचा तारेचा हेडफोन हे सारे एकाच विद्युतमार्गावर असतात. रेडिओतील खरखर एकाएकी वाढून कडकडाट होऊ लागला की ती ढग जवळ आल्याची सूचना समजावी, आधी हेडफोन उतरवावा, आणि शक्यतो ढग दूर असतानाच अँटेनाची केबल रेडिओपासून काढून ठेवावी.